पैशाची जन्मतारीख

आजीच्या डब्यातला कळकलेला तांब्याचा पैसा तुम्हाला लखपती वगैरे करणार नाही. पण हाताशी एक भिंग, एक वजनकाटा आणि थोडा धीर असेल, तर तो घरातलं एखादं जुनं भांडण नक्की मिटवू शकतो!

शनिवारची सकाळ. आठवडाभराची डेडलाइन संपवून मी चादरीत गुरफटलेली. आणि फोन वाजला. नागावची आत्या.

"अगं बाय, तुझ्या मोबाईलवरनं पैसे पाठवता येतात ना? मला अडीच हजार धाड. पाच लाख यायचेत माझे, आले की देते."

पाच लाख? अलिबागजवळच्या नागावात नारळी-पोफळीच्या वाडीत राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आत्याला? मी ताडकन उठून बसले. प्रकरण असं होतं. आत्याच्या मोबाईलवर कुठूनशी जाहिरात आली होती, 'जुनी नाणी विका, लाखो कमवा'. आत्याने देवघरातल्या डब्यातल्या एका पैशाचा फोटो पाठवला. पलीकडच्या 'साहेबां'नी लगेच पाच लाख कबूल केले. फक्त आधी रजिस्ट्रेशनचे अडीच हजार भरायचे. सोबत रिझर्व्ह बँकेचं नाव आणि शिक्का असलेलं एक पत्रसुद्धा!

"आत्या, एक रुपया पाठवू नकोस. मी येतेय."

गेटवेवरून मांडव्याची बोट, तिथून बसने अलिबाग, पुढे रिक्षा. वाटेत मोबाईलवर शोधलं तर पहिल्याच फटक्यात उत्तर मिळालं. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की, जुन्या नोटा-नाण्यांच्या असल्या व्यवहारांशी बँकेचा काही संबंध नाही, बँक त्यासाठी कुणाकडून फी किंवा कमिशन मागत नाही आणि तशी परवानगीही तिने कुणाला दिलेली नाही. म्हणजे ते पत्र शंभर टक्के बनावट.

आत्याला हे सांगितलं तेव्हा ती काही बोलली नाही. नुसती मागच्या दारी वाडीकडे बघत बसली. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळाने तिच्या पोफळी आडव्या केल्या. नवीन लावलेली सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात. मधल्या काळात कौलांचा खर्च, गड्याची मजुरी, सगळं चालूच. पाच लाखांत तिने काय काय बसवलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. हसायचं म्हणून आले होते, पण हसू आलं नाही.

"बरं, पण त्या पैशाचं खरं काय मिळेल ते तरी बघ," ती शेवटी म्हणाली. "आणि त्याच्यावरची तारीख पण नीट वाच. तुझ्या काकाचं तोंड एकदाचं बंद होऊ दे."

आणि अशा रीतीने, आयुष्यात कधी पोस्टाचं तिकीटसुद्धा न जमवलेली मी, नाण्यांच्या नादाला लागले!

डब्यातला खजिना

बिस्किटाचा जुना पत्र्याचा डबा. आत तेवीस नाणी. घोड्याचा पैसा, भोकाचे पैसे (त्यातला एक चक्क दाराच्या कडीत वायसर म्हणून बसवलेला होता, तो काढून डब्यात टाकलेला), राजा-राणीचे मुखवटे असलेले पैसे आणि अगदी तळाशी एक ओबडधोबड शिवराई. वेगळ्या लाल फडक्यात बांधलेला एकच जाड तांब्याचा पैसा. हाच तो पाच लाखवाला!

याला आमच्या घरात 'बारशाचा पैसा' म्हणतात. पणजोबांच्या बारशाला त्यांच्या आजोळहून एक कोरा करकरीत पैसा आला, तो पाळण्याला बांधला आणि पुढे जपून ठेवला, अशी गोष्ट. पैसा खरा, पण तारखेवरून दोन पक्ष. वादळात भिजलेला पणजोबांचा फोटो नव्याने मढवायला टाकला होता आणि खाली पितळी पट्टीवर जन्मसाल घालायचं होतं. आत्या म्हणते १९०८, कारण पैशावर तेच दिसतं. ठाण्याचा काका म्हणतो १९०४, कारण १९८४ साली पणजोबा गेले ते 'ऐंशी वर्षांचे होऊन'. जन्मदाखला नाही, शाळेचा दाखला नाही. आहे तो फक्त हा पैसा. आणि त्यावरचा शेवटचा आकडा झिजून गोलमटोल झालेला. ३ म्हणा, ६ म्हणा, ८ म्हणा!

माझा पहिला घोटाळा

आकडा दिसत नाही म्हणजे आधी नाणं स्वच्छ करायला हवं, हो की नाही? तांब्याची भांडी कशाने घासतात? आमच्याकडे आमसुलाने. मी एक पंचम जॉर्जचा पैसा घेतला, आमसूल आणि मीठ लावलं आणि मनापासून घासला. दोन मिनिटांत असा झळकला, की मीच खूश!

नंतर समजलं, नाणी जमवणारा माणूस असं नाणं बघून कपाळावर हात मारतो. तांब्यावर वर्षानुवर्षं चढलेला तपकिरी रंग हे नाण्याचं चिलखत असतं. आंबट पदार्थ तो रंग तर काढतोच, वर धातूचा पृष्ठभागही खातो आणि मीठ खरवडतं. बारीक रेषा, छोटे ठिपके यांची धार जाते. एकदा गेलेला तो रंग परत येत नाही आणि नाण्याची किंमतही उतरते. नशीब, बारशाच्या पैशाला आधी हात लावला नाही!

'तारीख शेवटी वाचायची'

सोमवारची रजा टाकली आणि आत्याला घेऊन अलिबागला तिच्या ओळखीच्या सराफांकडे गेले. हे सराफकाका गेली कित्येक वर्षं जुनी नाणी जमवतात. माझा झळकणारा जॉर्ज पाहून त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आमसूल की चिंच?"

मग त्यांनी लाल फडकं सोडलं. पैसा कडेला धरून हातात घेतला. (दोन्ही बाजूंवर बोटं टेकवायची नाहीत, घामाचे डाग पडतात. हा पहिला धडा.)

"नवा माणूस तारखेपासून सुरुवात करतो आणि फसतो," ते म्हणाले. "आधी राजा ओळखायचा. मग धातू आणि वजन. तारीख सगळ्यात शेवटी."

राजा ओळखणं सोपं. व्हिक्टोरिया राणीच्या डोक्यावर मुकुट, तोंड डावीकडे. तिच्या नाण्यांवर आधी 'क्वीन' आणि १८७७ पासून 'एम्प्रेस'. म्हणजे तारीख पुसली असली तरी या एका शब्दावरून काळ समजतो. पंचम जॉर्ज मुकुटधारी, तोंड डावीकडे. आणि आमच्या पैशावर? दाढीवाला, डोक्यावर काही नाही, तोंड उजवीकडे. आत्या त्याला लहानपणापासून 'बोडका राजा' म्हणते. हा सातवा एडवर्ड. त्याचे पैसे १९०३ ते १९१० या सालांचे. म्हणजे काकाचा १९०४ आणि आत्याचा १९०८, दोन्ही अजून शर्यतीत!

"आता खरी गंमत बघा," सराफकाका म्हणाले आणि त्यांनी पैसा सोन्याच्या काट्यावर ठेवला.

६.२ ग्रॅम.

"हा १९०८ चा असूच शकत नाही!"

आत्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काकांनी समजावून सांगितलं. १८३५ साली ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या मुलुखात एकसारखी नाणी सुरू केली, तेव्हापासून पैसा, म्हणजे पाव आणा, शंभर ग्रेनचा असायचा. आजच्या मापात सुमारे ६.४८ ग्रॅम, निव्वळ तांब्याचा. १९०६ च्या नाणे कायद्याने तांबं गेलं आणि ब्राँझ आलं, म्हणजे तांब्यात थोडं कथील आणि जस्त. वजनही पंचाहत्तर ग्रेनवर, सुमारे ४.८६ ग्रॅमवर उतरलं. घेर जवळपास तोच, पण नाणं पातळ. त्यामुळे एडवर्डचे १९०३ ते १९०६ चे पैसे तांब्याचे आणि जाड, १९०६ ते १९१० चे ब्राँझचे आणि पातळ. १९०६ या एकाच सालाचे दोन्ही प्रकार मिळतात!

"नाणं झिजून हलकं होतं, जड कधीच होत नाही," काका म्हणाले. "४.८६ चा पैसा शंभर वर्षांनी ६.२ भरणार कसा?"

इतकं साधं! १९०८ बाद. उरले १९०३, ४, ५ आणि ६. आता भिंग. दुकानातले दिवे बंद करून काकांनी एकच टॉर्च पैशाच्या कडेने, जवळजवळ आडवी धरली. वरून सरळ उजेड पडला की सगळं सपाट दिसतं. तिरपा पडला की उरलासुरला उठाव सावली टाकतो. मग पैसा हळूहळू फिरवला. शेवटच्या आकड्याच्या खालच्या पोटाला डाव्या बाजूने बंद करणारी एक पुसट कमान उजळली. इंग्रजी ३ आणि ५ डाव्या बाजूला उघडे असतात, ४ ला पोटच नसतं. उरला एकच.

१९०६. तांब्याच्या पैशाचं शेवटचं वर्ष.

आकडे खोटं बोलतात तेव्हा

आता मला चटकच लागली. डब्यातलं एकेक नाणं काकांसमोर ठेवत गेले आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. नाण्यावरची तारीख ही ठशाची तारीख असते. ते नाणं त्याच वर्षी पाडलं, असं दरवेळी नसतं.

कंपनीच्या व्हिक्टोरिया छाप रुपयावर १८४० साल आहे, पण तो पुढची जवळजवळ वीस वर्षं त्याच तारखेने निघत राहिला. त्यानंतरच्या रुपयावर १८६२ आलं आणि तेही १८७४ पर्यंत गोठून राहिलं. मुंबईच्या टांकसाळीने मात्र एक युक्ती केली. तारखेखाली बारीक ठिपके घालायला सुरुवात केली. ठिपक्यांची संख्या मोजून तो रुपया खरा कोणत्या वर्षीचा, हे जाणकार ताडतात. नुसतं '१८६२' वाचून पुढे जाणाऱ्याला ही मजा कधीच कळत नाही.

ठिपका टांकसाळही सांगतो. पंचम जॉर्जच्या पैशावर तारखेखाली बारीक ठिपका असेल तर तो मुंबईचा, काहीच नसेल तर कलकत्त्याचा. मी आमसुलाने घासलेल्या पैशावर ठिपका होता की नाही? आता खात्रीने सांगता येत नाही. सराफकाका काही बोलले नाहीत, पण मला जे वाटायचं ते वाटलंच.

१९११ च्या रुपयाची गोष्ट तर भन्नाट. पंचम जॉर्जच्या झग्यावर, गळ्यातल्या मानचिन्हात, एक छोटा हत्ती कोरला होता. सोंड आणि शेपूट इतकी आखूड, की लोकांना ते डुक्कर वाटलं! गहजब झाला, नाणी मागे घेतली गेली आणि १९१२ पासून हत्तीला नीट सोंड मिळाली. त्यामुळे '१९११' वाचलं की जमवणारा आधी झगा बघतो, मग बाकीचं.

भोकाचा पैसा हे दुसऱ्या महायुद्धाचं पोर. तांब्याची टंचाई, म्हणून १९४३ पासून मध्ये भोक पाडून धातू वाचवला. यातही वरचा मुकुट कुठे गोलसर, कुठे चपटा. तारखेचे आकडे कुठे बारीक, कुठे ठसठशीत. आमच्या डब्यातल्या पाच भोकाच्या पैशांत दोन वेगळे निघाले. त्यातला एक म्हणजे तो वायसर! स्वातंत्र्यानंतरच्या घोड्याच्या पैशाचंही तसंच. १९५० चा जाड, १९५१ पासूनचा पातळ. १ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली, चौसष्ट पैशांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला आणि १९६४ मध्ये 'नया' हा शब्दही गळला.

तिकडे इंग्लंडात पेनी जमवणाऱ्यांचं स्वप्न म्हणजे १९३३ ची पेनी. त्या वर्षी बाजारात पेनी भरपूर होत्या, म्हणून नव्या पाडल्याच नाहीत. हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच निघाल्या आणि त्यातल्या काही नव्या इमारतींच्या पायाभरणीत ठेवल्या. १९७० मध्ये लीड्सजवळच्या एका चर्चच्या पायातली पेनी चोरीला गेली म्हणतात ती हीच! आपल्याकडे असा मान षष्ठ जॉर्जच्या १९३९ च्या चांदीच्या रुपयाला आहे.

आणि शिवराई? तिच्यावर तारीखच नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. १६७४ च्या राज्याभिषेकाने रायगडावर सुरू झालेलं हे नाणं नंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडलं जात होतं. त्यामुळे अक्षरांचं वळण, ओळींची मांडणी, ठिपक्यांची नक्षी यांवरूनच प्रकार ठरवायचे. आमची शिवराई बरीच उशिराची असावी, असं काकांचं मत. "पण आहे इथलीच," ते म्हणाले. आत्याने ती उचलून कपाळाला लावली.

आणि पाच लाखांचं काय?

शेवटी आत्याने विचारलंच. सराफकाकांनी पैसा परत फडक्यात बांधला. "ताई, जुनं म्हणजे महाग नव्हे. असे पैसे कोट्यवधी पाडले गेले. इतका झिजलेला पैसा बाजारात नेलात तर वडापाव आणि चहा होईल. दोघींचा."

परतताना आत्या रिक्षात गप्प होती. मला वाटलं, पाच लाख गेल्याचं दुःख. बायपासच्या वळणावर ती एकदम म्हणाली, "म्हणजे मी पण चुकले आणि तुझा काका पण चुकला."

तसंच होतं. १९०८ चं साल तिने जिथून उचललं, ते वाचनच चुकीचं. आणि हा पैसा खरंच बारशाला कोरा आला असेल, तर पणजोबा १९०४ चे असू शकत नाहीत. जो पैसा अजून पाडलाच नव्हता, तो पाळण्याला कोण बांधणार?

पण मी तिला हेही सांगितलं की, १९०६ हे जन्मसाल म्हणून सिद्ध झालेलं नाही. नाणं एवढंच सांगतं, 'माझ्या आधी नाही'. नंतर कधीही. १९०६ चा पैसा १९०७ मध्येही कोराच दिसला असता. १९०८ मध्येही. म्हणजे तू वाचलंस ते चुकलं, पण तुझं साल खोटंच, असंही नाही.

आत्याने थोडा विचार केला. मग काकाला फोन लावला. दोघं अर्धा तास भांडली. आधी पैशावरून, मग पणजोबांवरून, मग १९८४ च्या त्या दिवशी कोण कुठे होतं यावरून आणि शेवटी दोघंही हसायला लागली. आठ महिन्यांनी एवढं बोलली असतील.

पितळी पट्टीवर आता कोरलंय : 'जन्म : १९०६ किंवा त्यानंतर'. फ्रेमवाल्याने दोनदा विचारलं, नक्की असंच लिहायचं का? आत्या म्हणाली, नक्की असंच.

माझ्या टेबलावर आता एक भिंग आहे आणि त्याच्या शेजारी आमसुलाने घासलेला गुलाबी जॉर्ज. विकायला नाही. पुढच्या नाण्याला हात लावण्याआधी बघायला!

नव्या भिडूंसाठी

* दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि एक टॉर्च पुरे. उजेड नेहमी कडेने, तिरपा.
* वजनासाठी ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा छोटा काटा घ्या किंवा ओळखीच्या सराफाकडे जा. स्वयंपाकघरातला काटा या कामाचा नाही.
* चिंच, आमसूल, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट... सगळं बंद! धूळ असेल तर कोरडा मऊ ब्रश.
* समुद्रकाठची खारी हवा तांब्याची वैरी. फिकट हिरवी भुकटी दिसली तर ते नाणं लगेच वेगळं काढा आणि जाणकाराला दाखवा. मऊ, वास मारणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात नाणी ठेवू नका, त्यानेही हिरवा चिकट थर येतो. कोरडी जागा, पुठ्ठ्याचे होल्डर उत्तम.
* मारुती किंवा रामदरबाराचं चित्र, 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि १८१८ साल असलेलं तांब्याचं नाणं कुणी विकत असेल तर हसून पुढे चला. कंपनीने असली नाणी कधी काढलीच नाहीत.
* वाडीत खणताना दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं पुरलेलं धन सापडलं, तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. रायगडकरांसाठी ते ऑफिस अलिबागलाच आहे!
* शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. अमेरिकेतल्या भावाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल, तर तो सोडून द्या.
* आणि कुणी आधी फी मागितली, तर फोन ठेवा. मग घरातल्या कुणाला तरी फोन करा. माझ्या आत्याने केला तसा.